दोन माळांचे वेढे

एर्विन ह्लाव्हिंकाला बिघडलेली वस्तू दाखवली की तो आधी तिच्याकडे बघायचाच नाही. ती आणणाऱ्याला विचारायचा, "कधीपासून? आणि तुझ्याशिवाय आणखी कुणाला जाणवलंय?" लावाका परगण्यातले निम्मे पंप, रेडिओ आणि चर्चमधला भोंगा याच माणसाने सुरू ठेवले होते. त्याचे नियम दोनच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि आपल्या कानावर विसंबायचं नाही, दुसऱ्या कानाला विचारायचं. मी त्याच्या शेजारी सव्वीस वर्षं फिडल वाजवली, त्यामुळे तो दुसरा कान बहुतेक वेळा माझाच असे.

दर रविवारी दुपारी इथे येऊन वसलेल्या आमच्या चेक लोकांच्या हॉलमध्ये नाच असतो. तिथे एर्विन दोन मानांची स्टील गिटार वाजवायचा. पुढची मान उंच, रडव्या सुरांची. मागची जाड, डुलणाऱ्या सुरांची. प्रत्येक मानेवर तारांखाली एक पिकअप, म्हणजे लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. मागचा पिकअप विकतचा होता. पुढचा अल्बिनाने, त्याच्या बायकोने, गुंडाळला होता.

शिलाई मशीनवर बॉबिन भरतात ना, तिथे तिने तो बसवला. चाकाचा एक फेरा म्हणजे तारेचे दहा वेढे. दहा फेरे झाले की जपमाळेचा एक मणी पुढे. पन्नास मण्यांची माळ दोनदा पुरी झाली तेव्हा दहा हजार वेढे भरले. मग ती नवऱ्याला म्हणाली, "दोन माळांची प्रार्थना आहे आत. आता तरी बेसूर वाजवू नकोस मेल्या." आम्ही किती हसलो होतो! तिला जाऊन तीन वर्षं झाली होती, तेव्हा हे सुरू झालं.

"पुढच्या मानेचा आवाज दबलाय," एर्विन एका रविवारी म्हणाला. "आणि हमिंग येतंय, सारखं."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. उलट त्याने आवाज इतका चढवला होता की म्हाताऱ्या बायका खुर्च्या उचलून पार बिअरच्या काउंटरपाशी जाऊन बसल्या. आमचा ड्रमवाला मेटोड मला बाहेर घेऊन गेला.

"पिकअप कसला गेलाय! कान गेलेत त्याचे. बारीक सूर ऐकूच येत नाहीत त्याला. तू सांग."

"मीच का?"

"तुझं ऐकतो म्हणून. मी सांगितलं तर झांज फेकून मारील."

मी सांगितलं नाही. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला मेटोडला मी दिसलो, आणि मला उद्याचा दिवस दिसला. पुढच्या रविवारी, त्याच्या पुढच्या रविवारी, मी उद्यावरच ढकलत राहिलो.

एर्विन मात्र आपल्या पद्धतीने निघाला. तारा बदलल्या. केबल बदलली. पायाचं पेडल उघडून साफ केलं. अर्थिंग तपासलं, सोल्डरिंगचे जुने डाग काढून नवे दिले. अँप्लिफायरचे व्हॉल्व्ह बदलले. मग पिकअपला मीटर लावला. काटा अठरा किलोओहमवर, अल्बिनाने पेन्सिलीने आत लिहून ठेवलेला आकडाही अठराच.

शनिवारी सकाळी त्याने मला शेडमध्ये बोलावलं. "लाडी, मीटर म्हणतो सगळं ठीक आहे. आता तू सांग. पुढची मान दबलीय की नाही? हमिंग आहे की नाही?"

तो माझ्याकडे बघत होता, दाढी न केलेला, तिच्या मशीनला टेकून. मला वाटलं, खरं सांगितलं तर हा गिटार झाकून ठेवील, आणि मग रविवारी दुपारी घरात एकटा काय करील? मी म्हणालो, "हो. आहे थोडं."

त्याने केवढा मोठा श्वास सोडला! "मला वाटलं मलाच वेड लागलं. मग आतले वेढे एकमेकांना चिकटले असणार. ते मीटरला कळत नाही."

त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. मी घरी गेलो आणि जेवलो.

पुढच्या शनिवारी माझ्या बायकोने दिलेले खसखशीचे कोलाचे, म्हणजे आमचे गोड पाव, ताटात घेऊन मी गेलो. बाकावर तांब्याच्या तुकड्यांचा ढीग पडला होता, विंचरलेल्या केसांच्या गुंत्यासारखा. शेजारी जपमाळ.

"उलगडताना तिची तार जागोजागी तुटत होती," एर्विन म्हणाला. तो अँपच्या मागे, जमिनीवर बसला होता. "मग नवी तार आणून मीच गुंडाळली. तिच्याच मशीनवर, तिच्याच माळेवर. दोन माळा. ते बरोबर केलंय ना, ते सांग. ऐक. हमिंग येतंय अजून?"

मी कान दिला. शेड अगदी गप्प होती. पण मला वाटलं, एवढं करून बसलाय, आता कसं नाही म्हणू? अंगवळणी पडलेलं होतं तेच तोंडातून आलं.

"हो. आहे थोडं."

एर्विनने अँपमागून हात वर केला. भिंतीतून काढलेला प्लग त्याच्या हातात होता.

"मला येतंय," तो म्हणाला. "प्लग काढल्यावरही येतंय. सकाळी कळलं मला, कुठे आहे ते. तुला कसं येतंय, लाडी?"

मी ताट बाकावर ठेवलं, ते तारेच्या ढिगावर गेलं, मी घाईने उचललं. तो ओरडला असता, शिवी दिली असती, तर बरं झालं असतं.

"एक शब्द," तो म्हणाला. "एक शब्द आधी सांगितला असतास तर मी तिला हात लावला नसता."

तो वाजवायचा थांबला नाही. मी ज्याला भीत होतो ते झालंच नाही. दुसऱ्याच दिवशी हॉलवर आला, गिटार झाकायला अल्बिनाने शिवलेलं कापड पुढच्या मानेवर तसंच ठेवलं आणि नुसती मागची मान वाजवली. अजून तसंच वाजवतो, आणि छान वाजवतो. नाच सुरू व्हायच्या आधी एक सूर छेडतो आणि वळून, माझ्या डोक्यावरून, पार मागे बसलेल्या मेटोडला विचारतो, "आवाज बरोबर आहे का रे?"

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा असतो.