डोकं धरून दिलेली संथा

यज्ञेश्वर गुरुजींनी डॉक्टरांचा शब्द अक्षरशः पाळला, आणि तिथेच घात झाला.

दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवर त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा बिंदुमाधव शेवाळावरून घसरला आणि डोकं दगडावर आपटलं. मेंदूला हिसका बसलाय, पंधरा दिवस पढ़ना-लिखना बंद, असं डॉक्टरांनी हिंदीत बजावलं. गुरुजींनी शाळेची पुस्तकं फळीवर टाकली, खिडकीला चादर लावली. ऋग्वेदाची संथा, रोजचा तोंडी पाठ, मात्र चालू ठेवली. त्यांच्या लेखी पढ़ना म्हणजे पोथी डोळ्यांपुढे धरणं. घरात वेद सात पिढ्या तोंडीच चालत आलेला, त्याला वाचन कोण म्हणणार? शिवाय माघातली परीक्षा तोंडावर आली होती, आणि तुटलेली संथा पुन्हा जुळवताना किती नाकी नऊ येतात ते त्यांनी भोगलं होतं.

रोज सकाळी ते मुलाचं डोकं दोन्ही हातांनी धरून स्वरांप्रमाणे हलवत, अनुदात्ताला खाली, स्वरिताला वर. चूक झाली की हात जागीच थांबत. त्यांच्या वडिलांनी त्यांना असंच शिकवलं होतं. पोरगं पांढरंफटक पडे, दुपारी उलट्या करी. गुरुजी म्हणत, पित्त आहे. माणूस भला, पण हट्टी म्हणजे अगदी हट्टी.

आठव्या दिवशी आईने, शरदिनीबाईंनी, मुलाला खोदून विचारलं, डोकं नेमकं कधी दुखतं?

"मान खाली गेली की आतून फटतं, आई. अण्णांना बोलू नको. त्यांना वाटेल, बहाणा करतोय."

दाराआड गुरुजींनी ते ऐकलं. ते तसेच अनवाणी डॉक्टरांकडे गेले, संथा कशी देतात ते मान हलवून दाखवलं आणि निमूट बोलणी खाल्ली. पाठांतरही बंद, डॉक्टर म्हणाले. दुखू लागलं की अंधारात पडू द्या, वेळेवर खाऊ घाला, ओकारी थांबली नाही तर लगेच घेऊन या. परीक्षा यंदा विसरा.

परतले तेव्हा मुलगा झोपला होता. त्याचे ओठ पुटपुटत होते आणि उशीवर मानही हलत होती. उशाशी बसून गुरुजींनी ते डोकं दोन्ही तळव्यांत धरलं आणि स्थिर ठेवलं.

मुलगा डोळे न उघडताच दचकला. "कुठे चुकलं, अण्णा?"

"तुझं नाही रे," गुरुजी म्हणाले. हात त्यांनी काढले नाहीत.