उंबऱ्याबाहेरचे बूट

समोरच्या वहिनींच्या घराला आग लागली तेव्हा सुदैवाने आत कुणी नव्हतं. आग विझली, पण जळक्या प्लॅस्टिकचा वास जिन्यात रेंगाळत राहिला. मग काजळी साफ करणारी माणसं आली. त्यांच्या मुकादम सुनंदाबाई. अंगभर पांढरा पोशाख, तोंडावर जाड मास्क.

"देव तेवढे घेऊन येते," म्हणत वहिनी आत निघाल्या. सुनंदाबाईंनी हात आडवा धरला. "नको वहिनी, ही राख छातीत बसते. देव मी आणते." मग स्वतःच्या पायांकडे बघून ओशाळल्या. "बूट घालूनच जावं लागतंय, खाली काचा आहेत." वाकून उंबऱ्याला हात लावला आणि मगच त्या आत गेल्या.

पुढे रोज मी दारातून बघत राहिले. पाण्याने काजळी भिंतीत मुरते, म्हणून आधी कोरड्या स्पंजाने पुसणं, तेही छतापासून खाली. आणि रोज आत जाताना उंबऱ्याला तोच हात. आम्ही सगळे त्या घराला एव्हाना 'जळकी खोली' म्हणू लागलो होतो. घराला घराचा मान देणं एकट्या त्यांनीच सोडलं नव्हतं.

काम संपलं त्या दिवशी सुनंदाबाईंनी मास्क काढून खोल श्वास घेतला. मग दाराशी बसून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि अनवाणी आत गेल्या.

"या आता, वहिनी," आतून आवाज आला.

त्या बुटांशेजारी वहिनींनी आपल्या चपला काढल्या.