डब्यावरचा पाच

दारव्ह्याच्या जीप स्टँडसमोर माझं ऑइल आणि सुट्या भागांचं दुकान आहे. तिथे मी एकदा खोटं बोललो. दोन वर्षं त्याची भरपाई दुसराच माणूस करत होता.

तो दारव्हा ते बोरी अरब गाव अशी प्रवासी जीप चालवायचा. बंजारा तांड्यावरचा, साठीला टेकलेला. तांड्याचा नायक, म्हणजे मुखिया, नव्हता तो, पण स्टँडवर सगळे नायकच म्हणत. जीप जुनीपानी होती, तरी त्याच्या हातून गिअर पडला कधी ते मागे दाटीवाटीनं बसलेल्यांना कळतसुद्धा नसे.

आमच्याकडे तेल पारखायची रीत आहे. चिमटीत घ्यायचं, चोळायचं, हुंगायचं. दाट आणि उग्र वासाचं, म्हणजे कडक माल. मी खोटं बोललो त्या दिवशी नायकानंही तेच केलं. तो नेहमी जीएल-चार नंबरचं गिअर ऑइल न्यायचा. ते संपलं होतं, म्हणून मी पाचचा डबा पुढे केला. दाटपणा दोन्हींचा सारखाच, बोटांना काय कळणार? मला मात्र माहीत होतं. त्या पाचमध्ये गंधकाचं मिश्रण जास्त होतं. मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलला ते चालतं. पण गिअर अलगद पडावा म्हणून जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळी रिंगा असतात, त्या ते खातं. एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं मला हे शिकवलं होतं. दोन दिवस थांबा, एवढंच म्हणायचं होतं. पण गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं असतं. मी म्हणालो, चारच्या वरचं आहे, भारी आहे.

पुढे गिअर करकरू लागले. बाकीचे ड्रायव्हर विचारत, नायक, जीप चालवून राह्यला का ज्वारी दळून राह्यला? तोही हसायचा. मग एके दिवशी त्यानं चावी जावयाला देऊन टाकली. दुकानात येऊन मला म्हणाला, "हात जड झाला शेठ. बुढापा आला."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत 'हो' म्हणालो. तेलापेक्षा तो 'हो' मला जास्त छळतो.

गेल्या महिन्यात स्टँडवरच्या मिस्त्रीनं त्या जीपचा गिअरबॉक्स उघडला. काढलेल्या तेलात पितळेचा पिवळा चुरा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. नायक शेजारीच होता. रिंगा आपल्याच हातानं घासल्या, असं तो मिस्त्रीला सांगत होता.

आठवडाभरानं मी तांड्यावर गेलो. तो अंगणात तुराट्यांचा खराटा बांधत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. माहीत असून दिलं, हेही. त्यानं गाठ पुरी मारली.

"म्हंजे हात नोयता बिघडला?"

"नाही."

"मंग हे सांगाले दोन वर्स काहून लागले?"

घाबरलो होतो म्हणावं, तर कशाला, ते सांगता येत नाही.

नव्या रिंगा बसलेली जीप दारातच होती. तो उठला, जाऊन चालकाच्या सीटवर बसला. जावयाकडे चावी मागितली नाही. बंद गाडीतच क्लच दाबून त्यानं पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला, तिसरा. मग परत पहिल्यापासून.

माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. मी पायीच डांबरी सडकेवर आलो.