घरचं विरजण

माझं रक्त आधी बी गटाचं होतं. आता ते ओ आहे, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं. नव्वदच्या दशकात मला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी औषधं देऊन माझी अस्थिमज्जा पार संपवली आणि त्याची माझ्यात सोडली. आमच्या गावाहून, शेणव्याहून निघताना तो म्हणाला होता, "विरजण नासलं तं शेजारून आनतात ना गो ताय? मी तं घरचाच हाय."

पुढे वर्षभर मला माणसांत जायला बंदी होती. भातसानगरच्या धरण वसाहतीतल्या माझ्या क्वार्टरमध्ये तोंडाला फडकं बांधून बसायचे. म्हसा गावची जत्रा झाल्यावर तो रोज खिडकीबाहेर उभा राहून बैलांच्या गोष्टी सांगायचा, निम्म्या थापा. बाकीच्यांचं येणं कमी होत गेलं आणि बंदी उठल्यावरही कोणी फिरकलं नाही. माझ्या लग्नाचं तर कोणी नावच काढेना. मला तो एकटा पुरत होता.

मग तो काविळीने गेला. भावजय मुलांना घेऊन मुरबाडला माहेरी राहायला गेली.

काही वर्षांनी जिना चढताना मला धाप लागू लागली. त्या जुन्या जालीम औषधांनी हृदय कमजोर केलं होतं. एका डॉक्टरांनी नवा प्रयोग सांगितला. "तुमच्याच मज्जेतल्या मूलपेशी काढून हृदयात सोडायच्या. गुण येईलच असं नाही. पण स्वतःच्या पेशी शरीर नाकारत नाही."

"त्या माझ्या नाहीत," मी म्हटलं, "भावाच्या आहेत."

त्यांनी माझे जुने कागद चाळले आणि मान हलवली. दुसऱ्याची मज्जा घेतलेल्यांना त्या प्रयोगात घेत नव्हते. मला राग आला तो त्या 'दुसऱ्याची' या शब्दाचा. माझ्या अंगात इतकी वर्षं मुक्काम ठोकून बसलेला माणूस दुसरा कसा?

अजूनही शहापूरला रक्त तपासायला जाते. रिपोर्ट दर वेळी चांगला येतो. त्याचं रक्त ठणठणीत आहे, बिघडलंय ते माझं हृदय. संध्याकाळी दारात एकटी बसले की मनगटावर बोट ठेवते. तो एकदा गेला तेव्हा मी पोटभर रडले होते. माझं हृदय थांबलं की तो पुन्हा जाईल, आणि या खेपेला त्याच्यासाठी रडायला मी नसेन.