निवडता न येणारी रेघ

"थांब, पट्टी ठेवू दे."

ताईंकडे फॉर्म भरायला गेलेल्या प्रत्येकानं हे वाक्य ऐकलं असणार. एक हात माउसवर, दुसऱ्या हातात लाकडी फूटपट्टी. ती पडद्यावरच्या ओळीखाली आडवी धरायची, ओळ मोठ्यानं वाचायची आणि मगच क्लिक करायचं. मागची रांग कितीही चुळबुळली तरी ताई ढिम्म.

मुकुटबनच्या बाजारात त्यांचं एका खोलीचं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र होतं. झरी जामणीकडच्या जंगलातल्या पोडांवरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवरून, माणसं सकाळीच येऊन बसायची. मी यवतमाळला एका संस्थेसाठी फॉर्म बनवतो. संस्थेची वसतिगृहं जिल्हाभर आहेत आणि त्यांच्या प्रवेशाचा फॉर्म माझाच. तो फार सोपा आहे, असा माझा समज होता.

"हे तू केलं?" पहिल्याच भेटीत ताईंनी विचारलं. मी ऐटीत हो म्हणालो.

"मंग बस इथं, अन् पाह्य आमचे हाल."

त्यांनी वसतिगृहांची यादी उघडली. मी ती गावांच्या नावानं लावली होती. गावाचं मुलांचं वसतिगृह, लगेच खाली त्याच गावचं मुलींचं, मग पुढचं गाव. अशा लांबलचक यादीत सगळ्या ओळी एकसारख्या, मध्ये साधी रेघसुद्धा नाही. माझं लक्ष मात्र पडद्याच्या काचेकडे गेलं. तिथं एक पांढरा दोरा आडवा ताणून दोन्ही टोकांना टिकल्यांनी चिकटवलेला होता.

"हे काय?"

"लकीर. तू नाई देली, तं म्या लावली. पण तुही यादी वर पळते, अन् माहा दोरा जागीच राह्यते."

मी हसलो. ताई हसल्या नाहीत.

आदल्या वर्षी एका कोलाम मुलीचा फॉर्म त्यांनी भरला होता. माउस एक ओळ वर सरकला आणि मुलीचं नाव मुलांच्या वसतिगृहात गेलं. अर्ज बाद झाला. गावाजवळ पुढची शाळा नाही, म्हणून पोरगी वर्षभर घरी बसली, कापूस वेचायला गेली. यंदा पुन्हा नंबर लागला नाही, तर बाप तिचं लग्न उरकणार होता.

"माह्या हातानं झालं ते," ताई म्हणाल्या. "ते पोट्टी अजूनही मले ताईच म्हणते."

ती चूक त्यांच्या हातून झाली, पण घडवली माझ्या यादीनं, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. तोंडानं मात्र मी "बघतो" एवढंच म्हणालो. आम्हा फॉर्मवाल्यांना ही वाईट खोड असते.

तरी परत येऊन यादी नीट लावली. मुलांची वसतिगृहं वर, मुलींची खाली, मध्ये आडव्या रेघांची एक ओळ. छान दिसत होतं. दुसऱ्याच दिवशी ताईंचा फोन.

"तुह्या लकिरीवर पोट्टी झोपन का रे?"

मला काही कळेना. झालं होतं असं, की ताईंनी हौसेनं पहिला फॉर्म त्याच मुलीचा भरला. आणि माझी रेघ दिसायला रेघ असली, तरी यादीतल्या इतर ओळींसारखी तीही निवडता येत होती. आता रेघ आहे म्हणून पट्टी न लावता केलेला क्लिक तिच्यावरच पडला आणि फॉर्मनं तोही मुकाट्यानं घेतला. वसतिगृहाच्या रकान्यात नुसत्या आडव्या रेघा! अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती.

मी जेवणाचा डबा तसाच ठेवला. रेघ फिकट केली आणि कितीही क्लिक केलं तरी ती निवडलीच जाणार नाही, अशी बंद केली. वर ठळक अक्षरांत 'मुलांसाठी', खाली 'मुलींसाठी'. संस्थेच्या साहेबांच्या मागे लागून त्या मुलीचा फॉर्म दुरुस्तीसाठी पुन्हा उघडून घेतला. फोनवर ताई रेघेवर क्लिक करत होत्या, एकदा, दोनदा, पाच वेळा.

"नाई होऊन राह्यलं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात एवढा आनंद मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मग पट्टी ठेवल्याचा टक् आवाज आला आणि त्यांनी मुलीच्या वसतिगृहाचं नाव सावकाश, मोठ्यानं वाचलं.

मुलीला जागा मिळाली.

ताईंनी आता केंद्र सोडलंय. डोळे साथ देईनात, म्हणून त्या लेकीकडे बोरी अरबला गेल्या. मुकुटबनला गेलो की त्या खोलीत डोकावतो. नवा पडदा आलाय, दोरा नाही, टिकल्या नाहीत. मला ते आवडत नाही.

परवा त्यांचा फोन आला.

"पोट्टी बारावी झाली, माहीत हाये का तुले? आता तिची लहान बहीण फॉर्म भरून राह्यली. मी तं नाई तिथं." मग त्यांनी विचारलं, "लकीर हाये ना अजून?"

"आहे, ताई."

"निवडता येते का?"

"नाही."

"मंग ठीक हाये," म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.