जुना मुलूख, नवं बेट

एक्स्पान्शन, म्हणजे गेमला जोडायची पुढची डिस्क, मूळ गेमपेक्षा वाईट आहे, असं मी आमच्या घोटावड्याच्या घरात दोन महिने छातीठोकपणे सांगत होते. तोवर मी ते एकदाही खेळले नव्हते. खेळायची गरजच नव्हती. ते माझ्या वहिनीला आवडलं होतं, एवढं मला पुरेसं होतं.

रस्त्याकडचा जमिनीचा तुकडा कारखान्यासाठी विकला त्या वर्षी घरात कॉम्प्युटर आला. दादा पिरंगुटजवळच्या कंपनीत पाळीवर जायचा, मी पौडच्या कॉलेजात नुकतीच जाऊ लागले होते. कंपनीतल्या कुणाकडून तरी त्यानं गेमची डिस्क आणली. त्या गेममध्ये एक अख्खा मुलूख होता. डोंगर, नद्या, सात-आठ गावं, पडके किल्ले. घोड्यावर बसायचं आणि वाटेल तिकडं जायचं, कुणी अडवत नाही. अशा गेमला ओपन वर्ल्ड म्हणतात हे मला फार नंतर कळलं. दादा त्याला मोकळं रान म्हणायचा.

गेम एकट्यानं खेळायचा होता आणि आम्ही दोघं. पहिले चार दिवस भांडण्यात गेले. मग तोडगा निघाला. कीबोर्ड माझ्याकडे, माउस त्याच्याकडे. म्हणजे चालायचं मी, बघायचं आणि तलवार चालवायची त्यानं. सुरुवातीला गेममधला आमचा गडी भिंतींवर आपटत, विहिरीत पडत फिरला. पण दीड वर्षात आमचं असं जमलं की तो उजवीकडे बघायच्या आत मी उजवीकडे वळलेली असे. चालायच्या चार बटणांवरची अक्षरं माझ्या बोटांनी पुसली गेली. माउसला मात्र दादानं मला कधी बोट लावू दिलं नाही. "तुला न्हाई जमायचं, तू चाल," म्हणायचा. मी चालायचे.

आमचा एक नियम होता. काही विकायचं नाही. गेममधल्या गावात आमच्या गड्याचं घर होतं, त्यात आम्ही गंजक्या तलवारी, फुटकी मडकी, एका पायाचे बूट, जे सापडेल ते आणून कोंबायचो. तुकडा विकल्यापासून आमचे वडील, आबा, त्या रस्त्यानं जाताना मान फिरवून घ्यायचे. विकणं हा शब्दच आम्हा दोघांना नको झाला होता. निदान या मुलखात तरी आमचं काही जाणार नव्हतं.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात दादाचं लग्न झालं. वहिनी साताऱ्याकडची, हिंजवडीच्या एका ऑफिसात कामाला. दिसायला चांगली, बोलायला मऊ, वर माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी असून मला ताई म्हणणारी. नणंदेला ताई म्हणायची रीतच आहे, पण मला तीही झोंबली. भांडायला तिनं जागाच ठेवली नव्हती.

नवी नवरी घरात येताना नवऱ्याची बहीण दार अडवते. भावाकडून वचन घेतल्याशिवाय आत सोडत नाही. वचन ठरलेलं, तुझी लेक माझ्या लेकाला देशील का. मागून माझ्या मावश्या तेच शिकवत होत्या. मी उंबऱ्यावर हात आडवे धरून म्हणाले, "त्या गेमची पुढची डिस्क आणलीस तर मला सोडून लावायची न्हाई." मांडव हसला. दादाही हसला, मुंडावळ्या हलल्या. "न्हाई लावत. सोड आता, पाय दुखाया लागलं." मी एकटीच हसत नव्हते. वहिनीनं माझ्याकडे नीट पाहिलं, एवढं आठवतं.

लग्नानंतर कॉम्प्युटर त्यांच्या खोलीत गेला. कुणी विचारलं नाही, तो दादाचा होता. महिन्याभरात, एका शनिवारी मी कॉलेजातून आले तर त्या खोलीतून लाटांचा आवाज येत होता. आमच्या मुलखात समुद्र होता, पण काठावर गेलं की गडी थांबायचा, पुढं जायची सोय नव्हती. मी दारात गेले. पुढची डिस्क आली होती. जुन्या मुलखाला जोडायचं एक नवं बेट, तिथं होडीनं जायचं, आणि जायचं ते आपलाच जुना गडी घेऊन. आमचा गडी होडीत बसला होता.

वहिनी माझ्या खुर्चीवर होती. डावा हात माझ्या चार बटणांवर, उजव्या हातात माउस. दोन्ही तिच्याकडे. दादा मागं पलंगावर शेंगदाणे खात बसला होता.

"तू वचन दिलं हुतंस," मी म्हणाले.

"आगं, नुसतं लावून बघितलं, चालतंय का ते. तू कालिजात हुतीस."

वहिनी लगेच उठली. "या ना ताई, बसा. आणि ते घरातलं सामान मी विकलं हं. नावाडी एवढं ओझं घेईना."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दीड वर्षाची जमवाजमव या बाईनं एका दुपारी भंगारात काढली होती, आणि दादा शेंगदाण्याची सालं फुंकत होता. तिनं काय विकलं हे तिला ठाऊक नव्हतं. त्याला होतं. "मला अभ्यास हाय," म्हणून मी निघून आले आणि चुलीपाशी जाऊन उगीच भांडी आपटली.

त्या दिवसापासून मी समीक्षक झाले. जेवताना सुरू करायचे. बेट केवढंसं, इथून शेजारच्या रिह्यापर्यंतही पुरायचं नाही. जुना मुलूख बघा, दोन तास घोडा पळवला तरी टोक येत नाही. बेटावर म्हणे सगळं हाताशी, कुणीतरी काम सांगणार आणि आपण करणार. त्यात मोकळं रान कुठं राहिलं? वहिनी ऐकून घ्यायची. एकदाच म्हणाली, "लहान आहे खरं. पण तिथली माणसं बरी बोलतात, ताई. जुन्या गावांत सगळी तेच एक वाक्य म्हणतात."

ते खरं होतं. जुन्या मुलखात लोहार, पाटील आणि पाणी भरणारी बाई, तिघं एकाच आवाजात आज वारा फार आहे म्हणायची. मी आणि दादा त्याला हसायचो. पण ते आमचं हसू होतं, हिला कुणी सांगितलं?

आईला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी भाकरी थापता थापता म्हणाली, "पडीक माळ लई मोठा असून काय करायचा, बाय? त्याच्यापरीस भाताचं एक खाचर बरं." मी आईशी दोन दिवस बोलले नाही.

नागपंचमीला वहिनी माहेरी निघाली. तिचा भाऊ न्यायला येणार होता, पण आमच्या नवरदेवाला दम निघेना, तोच मोटारसायकलवरून सोडायला गेला आणि तिथंच राहिला. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी आई-आबा भातातलं तण बेणायला खाचरात गेले. घरात मी एकटी. भरदुपारी मी त्यांच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटर लावला.

दोन हात एकदम चालवायची मला सवय नव्हती. पहिला अर्धा तास गडी बेटाच्या धक्क्यावर गोल गोल फिरत राहिला. मग जमलं. बेट खरंच लहान होतं. पण प्रत्येक वळणावर काहीतरी होतं आणि ते तिथं असायला कारण होतं. एका घरात एक म्हातारी होती. तिला मी पाणी आणून दिलं आणि डोंगरावर गेले. परत आले तर तिनं मला ओळखलं. म्हणाली, मघाशी पाणी दिलंस तो तूच ना, पाय ओला आहे अजून. साधी गोष्ट. पण दीड वर्षात त्या अख्ख्या मुलखात मला कुणी ओळखलं नव्हतं. मी खुर्चीत बसल्या बसल्या रडले.

दोन तासांत मला कळलं की हे मूळ गेमपेक्षा चांगलं आहे. थोडंथोडकं नाही, उजवं आहे. आई बरोबर होती, वहिनी बरोबर होती. आणि त्याचा मला इतका राग आला की मी पुढं जे केलं ते चुकून झालं असं कुणाला सांगू शकत नाही. त्या दोघांचा बेटावरचा सगळा खेळ एका ठिकाणी सेव्ह केलेला होता. आमचा जुना, होडीत बसण्याआधीचा, दुसऱ्या ठिकाणी. मी जुना उघडला आणि त्यांच्या खेळावर सेव्ह केला. खरंच पुसायचं का, असं गेमनं विचारलं. मी हो म्हटलं.

ती दोघं रविवारी आली. चहा होतो न होतो तोच दादानं कॉम्प्युटर लावला, आणि मी दारात जाऊन उभी राहिले. पडद्यावर आमचं जुनं घर, गंजक्या तलवारींनी भरलेलं.

"ह्ये कसं झालं? बेट कुटं गेलं?"

सेव्ह केलेल्या खेळाच्या बाजूला तारीख आणि वेळ असते. दादा कधी ती बघत नसे. वहिनी वाकली, तिनं वाचली. पंचमीचा दुसरा दिवस, दुपार. तेव्हा ती दोघं साताऱ्याला होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दार अडवलं तेव्हा पाहिलं होतं तसंच.

"माझ्याच हातून झालं असणार," ती म्हणाली. "निघायच्या गडबडीत."

"बघून करायचं न्हाई व्हय?" दादा तिच्यावर चिडला. लग्नानंतर त्याचा आवाज तिच्यावर चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. दोन महिने याचीच वाट बघत होते. आता तो आवाज कानाला बरा लागेना. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "दोन महिन्यांचं पुन्हा कोण करतंय. जुनंच बरं हुतं, आमची बाय म्हणत हुती त्येच खरं. का गं?"

"व्हय," मी म्हणाले.

त्यानं माउस ओढला आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. वहिनीनं मला खुर्ची मोकळी करून दिली आणि कपबशा उचलून आत गेली. आम्ही निघालो. तो उजवीकडे बघायच्या आत मी उजवीकडे वळले, दीड वर्षात काही विसरले नव्हते. लोहार म्हणाला, आज वारा फार आहे. दादा पोट धरून हसला. मला त्या म्हातारीकडे जायचं होतं आणि ते मी दादाला कधीच सांगू शकणार नव्हते. घरात ते ज्या एका माणसाला सांगता आलं असतं, ती आत कपबशा विसळत होती.