सगळ्यांचं रडून झालं, माझं चालूच

रविवारी सकाळी फुफी तांड्यावर आली आणि चपला काढायच्या आतच तिने माझी चेष्टा सुरू केली. "याले आधी रडू द्या, याले टाइम लागते!" अख्खं अंगण हसलं. सगळ्यात मोठ्याने मीच हसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फुफी म्हणजे बापूंची, माझ्या वडिलांची, बहीण. दिग्रसजवळ आमचा बंजारा तांडा आहे आणि आमच्याकडे बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडून, सूर लावून रडतात. कोण गेलं, कोण आजारी होतं, किती आठवण आली... सगळं त्या सुरातच सांगून होतं. मग डोळे पुसायचे, चहा ठेवायचा आणि गप्पा सुरू. (घरी आम्ही गोर बोलीत बोलतो, इथे तुमच्यासाठी मराठीत लिहितोय.)

पुरुषांचं तसं काही नाही. पुरुषांनी तेवढ्या वेळात पाहुण्यांच्या पिशव्या आत नेऊन ठेवायच्या. आमचे बापू तर रडणं सुरू झालं की "बैलाले पाणी पाजून येतो" म्हणून बादली घेऊन सटकतात, ते थेट चहालाच उगवतात.

तर मागच्या वर्षी मी यवतमाळला फायनल इयरला होतो आणि माझी बहीण कविता त्याच कॉलेजात सेकंड इयरला. त्या वर्षी दोघांचंही बिनसलं. तिला झोप लागेना, सारखं रडू यायचं. हॉस्टेलच्या मैत्रिणींनी आठवडाभरात ओळखलं... कुणी डोक्याला तेल लावून दिलं, कुणी ओढत कौन्सेलर मॅडमकडे नेलं.

मला मात्र रडू यायचंच नाही. नुसती चिडचिड, लेक्चरला दांडी, दिवसभर लोळत मोबाइल. मित्र विचारायचे, "काहून बे, दिसत नाही?" मी म्हणायचो, "ॲसिडिटी आहे." सहा महिने मला ॲसिडिटी होती!

त्याच मॅडमनी एकदा आमच्या वर्गात फॉर्म वाटले. उदास वाटतं का, कशात रस वाटतो का, असे प्रश्न. मुली खाली मान घालून लिहीत बसल्या. आम्ही मागच्या बाकावरच्या पाच जणांनी एकाच्या फॉर्मवरून कॉपी मारली... सवय हो, दुसरं काय! पाचही फॉर्मवर सगळीकडे "नाही". माझ्या फॉर्मवरचं एकही "नाही" खरं नव्हतं, हे आज पहिल्यांदा सांगतोय.

शेवटी कॉलेज सोडायचं ठरवलं आणि एका रविवारी बॅग भरून घरी आलो. नेमकी फुफी आलेली. याडी म्हणजे माझी आई, काकी, सुट्टीला आलेली कविता... सगळ्यांचं गळ्यात पडून रडणं चाललेलं. मी बाजूने आत सटकत होतो, तर फुफीने मला बॅगेसकट ओढलं. पाठीवरून हात फिरवत सुरातच म्हणाली, "माया पोट्टा किती वाळला रे..." आणि माझा बांध फुटला.

बायकांचं आवरलं. डोळे पुसले, चहा चुलीवर चढला. माझं चालूच! काकीला वाटलं मी त्यांची नक्कल करतोय, ती हसायला लागली. मग फुफीच म्हणाली, "थांबा वं... हा तं खरंच रडून राह्यला."

चहा उतू गेला तरी कोणी उठलं नाही. त्या दिवशी मी सगळं सांगितलं. बुडालेले पेपर, उडालेली झोप, आणि कधीकधी वाटायचं की आपण नसलो तर बरं... तेही.

दुसऱ्याच दिवशी कविता मला मॅडमकडे घेऊन गेली. मॅडम आमच्याकडच्याच, मनमोकळ्या. म्हणाल्या, "पोरी सोता येतात, नाहीतर मैत्रीण घेऊन येते. पोट्टे येतच नाहीत. दुःख काही कमी नसते त्याइले, रडाले जागा नसते." मग डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, दर आठवड्याला बोलणं झालं. हळूहळू सकाळी उठावंसं वाटू लागलं. कॉलेज सोडलं नाही, राहिलेले पेपर यंदा दिले आणि गेल्या आठवड्यात निकाल लागला... पास! म्हणून तर फुफी पेढे घेऊन आली होती.

तर या रविवारी रडायच्या रांगेत पहिला मी. दोन मिनिटांत उरकलं बरं का, त्यातही हसूच जास्त. मागे बघतो तर बापू नाहीत. "बैलाले पाणी पाजाले गेले," असं म्हणून याडी हळूच हसली.

आणि तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आमच्याकडे बैल आहेतच कुठे? दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टर घेतला तेव्हाच बैलजोडी मामाकडे गेली. गोठ्यात आता फवारणीचे पंप असतात.

मी गोठ्यात गेलो. बापू रिकाम्या गव्हाणीकडे तोंड करून उभे होते, शेजारी कोरडी बादली. दुपट्ट्याने डोळे पुसत म्हणाले, "कचरा गेला डोळ्यात."

मी म्हटलं, "मलेबी सहा महिने ॲसिडिटीच होती, बापू."

त्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि स्वतःच मला जवळ ओढलं. सूरबीर काही नाही, त्यांना येत नाही तो. पण इतके घट्ट ते मला लहानपणानंतर पहिल्यांदाच भेटले. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

बाहेरून फुफीची हाक आली, "बैलाइचं पाणी झालं काय? चहा थंडा होऊन राह्यला!"

मी ओरडलो, "थांब फुफी, बापूले टाइम लागते!"

फुफी, त्या दिवशी तू बॅगेसकट ओढलंस म्हणून आज हे लिहायला मी आहे. आणि मागच्या बाकावरच्या माझ्या चार दोस्तांनो, फॉर्म आता आपापला भरा. ॲसिडिटी फारच वाढली असेल तर सरळ तांड्यावर या... फुफी महिनाभर इथेच आहे.